गडी बाद झाल्यावर

इंग्लंडमध्ये खेळलेला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू आर्थर व्हार्टन १९३० च्या डिसेंबरमध्ये वारला आणि त्याच्या नावाचा दगड थडग्यावर बसला १९९७ साली. मधली सदुसष्ट वर्षं यॉर्कशरमधल्या एडलिंग्टन या खाणगावाच्या दफनभूमीत तो निनावी पडून होता. दगड बसवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. फुटबॉलमधल्या वर्णद्वेषाविरुद्ध शेफील्डमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी मोहीम चालवली, एका विसरलेल्या माणसाचं नाव परत आणलं. २००३ मध्ये त्याला इंग्लिश फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये जागा मिळाली, २०१४ मध्ये सेंट जॉर्जेस पार्कच्या राष्ट्रीय फुटबॉल केंद्रात त्याचा पुतळा उभा राहिला. झालं ते चांगलंच झालं. पण ज्या खेळाने त्याला पुतळा दिला, त्या खेळाने १९०२ ते १९३० या अठ्ठावीस वर्षांत त्याला काय दिलं, हा प्रश्न पुतळ्यापाशी उभं राहून कुणी विचारत नाही. मला तोच विचारायचा आहे.

व्हार्टनचा जन्म १८६५ साली अक्रा इथे झाला, आजच्या घानामध्ये. वडील वेस्ट इंडीजमधून आलेले मेथडिस्ट मिशनरी, आई तिथल्या फांटी समाजातल्या प्रतिष्ठित घराण्यातली. मुलानेही धर्मप्रचारक व्हावं म्हणून त्याला इंग्लंडला डार्लिंग्टनच्या कॉलेजात पाठवलं होतं. तो धावायला लागला आणि धर्मशिक्षण मागे पडलं. जुलै १८८६ मध्ये लंडनच्या स्टॅम्फर्ड ब्रिज मैदानावर त्याने शंभर यार्डांचं अंतर दहा सेकंदांत कापलं आणि राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. पुढच्या वर्षी ते राखलं. फुटबॉलमध्ये तो गोलरक्षक. त्या काळातला बलाढ्य संघ प्रेस्टन नॉर्थ एंड, त्याच्याकडून तो एफए कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत खेळला. १८८९ मध्ये रॉदरहॅम टाउनकडे पगारी खेळाडू म्हणून गेला. जगातल्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये त्याचं नाव अग्रक्रमाने घेतात ते तेव्हापासून. मग शेफील्ड युनायटेड, स्टेलीब्रिज, अ‍ॅश्टन, शेवटी स्टॉकपोर्ट काउंटी. १९०२ मध्ये, सदतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, खेळ संपला.

नंतर तो कोळशाच्या खाणीत कामाला लागला. एडलिंग्टनच्या यॉर्कशर मेन खाणीत कोळशाची वाहतूक करणाऱ्या मजुरांमध्ये त्याची नोंद आहे. वयाची साठी जवळ आली तरी तो त्याच कामावर होता. डॉनकॅस्टरजवळच्या एका आरोग्यधामात पासष्टाव्या वर्षी मेला आणि सर्वांत हलक्या दर्जाच्या जागेत पुरला गेला.

ही गोष्ट आपण 'केवढी ही दुर्दैवाची कहाणी' असं म्हणून संपवतो. माझा आक्षेप नेमका इथे आहे. दैवावर ढकललं की कुणावर जबाबदारी उरत नाही. व्हार्टनच्या म्हातारपणामागे नियम होते, करार होते, ठराव होते आणि ते करणारी माणसं होती. व्हिक्टोरिया राणीच्या काळात फुटबॉलचा धंदा उभा राहिला तेव्हा एक गोष्ट ठरवून बाहेर ठेवण्यात आली: खेळाडूचं उरलेलं आयुष्य. त्याची पंचविशी विकत घेतली गेली, पन्नाशीचा हिशेब कुणाच्याच वहीत आला नाही. माझं म्हणणं असं की तो हिशेब खेळाच्याच वहीत असायला हवा होता आणि आजही असायला हवा. दयेपोटी नव्हे, मजुरीचा भाग म्हणून.

हा धंदा जिथे रुजला त्या लँकशरशी आपलं जुनं नातं आहे. ब्लॅकबर्न आणि डार्वेन या गावांतल्या मागांवर विणलेलं कापड मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानात यायचं, त्यात धोतरं फार. स्वदेशीच्या बहिष्काराने या गावांवर काय पाळी आणली ते पाहायला १९३१ मध्ये गांधीजी डार्वेनला गेले होते ते यामुळेच. आपल्या आजे-पणज्यांनी नेसलेल्या धोतरांचा पैसा ज्या गावांत खेळत होता, तिथेच पहिल्यांदा चेंडू लाथाडायचे पैसे मिळू लागले. १८७८ मध्ये फर्गस सूटर हा ग्लासगोकडचा पाथरवट डार्वेनला आला आणि इंग्लंडचा दगड फार कठीण आहे असं सांगून त्याने छिन्नी खाली ठेवली. त्याचं पोट कशावर चालतं ते गावात सगळ्यांना माहीत होतं. त्याचा साथीदार जेम्स लव्ह. नियमाने पैसे घ्यायला बंदी, म्हणून असे खेळाडू नावाला गिरणीत, नावाला दुकानात. सूटर पुढे हॉटेल चालवून जगला. लव्ह सैन्यात भरती झाला आणि १८८२ साली इजिप्तमध्ये तापाने मेला. पहिल्या दोन पगारी खेळाडूंपैकी एकाचं खेळानंतरचं आयुष्य इतकंच.

प्रेस्टनचा कारभारी विल्यम सडेल स्वतः गिरणीचा व्यवस्थापक होता. आम्ही खेळाडूंना पैसे देतो हे १८८४ मध्ये त्याने उघडपणे कबूल केलं, आणि त्यातून उठलेल्या वादळाचा शेवट म्हणून इंग्लिश फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या फुटबॉल असोसिएशनने जुलै १८८५ मध्ये पगारी खेळाला मान्यता दिली. याच सडेलच्या हाताखाली व्हार्टन प्रेस्टनला खेळला. पुढे १८९५ मध्ये गिरणीच्या पैशांच्या अफरातफरीबद्दल सडेल तुरुंगात गेला. लीगमध्ये, म्हणजे क्लबांच्या हंगामभर चालणाऱ्या साखळी स्पर्धेत, एका हंगामात एकही सामना न हरणाऱ्या त्या संघामागे कापसाचा पैसा होता आणि तो सरळ मार्गाने आलेला नव्हता.

१८८५ च्या मान्यतेकडे बहुतेक इतिहासकार मुक्तीचा क्षण म्हणून पाहतात. मी अर्धाच पाहतो. चोरून दिला जाणारा पैसा उघड झाला, हे खरं. पण जोवर पैसा चोरून होता, तोवर खेळाडूच्या नावावर निदान एक नोकरी असायची. नावालाच का होईना, पण गिरणीच्या दारातून आत जायची वाट असायची. आपल्याकडे रेल्वेत, पोलिसांत, बँकांत खेळाडूंना जी नोकरी मिळते तिची किंमत तिथे खेळून निवृत्त झालेल्या कुणालाही विचारा. पाय थकले तरी हजेरीपट चालू राहतो. व्हिक्टोरियन फुटबॉलपटूला मान्यता मिळाली तेव्हा तो फक्त फुटबॉलपटू झाला. करार एका हंगामाचा. पुढचा हंगाम मिळेल की नाही ते मे महिन्यात कळायचं.

इथे एक उत्तर नेहमी येतं आणि ते झटकून टाकण्यासारखं नाही. ही माणसं गरीब नव्हती, असं ते उत्तर. नामवंत खेळाडूला आठवड्याला तीन-चार पौंड मिळत, म्हणजे कुशल कारागिराच्या कमाईच्या दुपटीच्या आसपास. शेजारचा विणकर जन्मभर राबून जे मिळवत होता ते यांना चेंडूमागे धावून मिळत होतं. मग त्यांनी साठवलं का नाही? विणकरालाही कुणी पेन्शन देत नव्हतं, मग यांनाच का द्यावं?

साठवायला मिळकत लागते, आणि मिळकतीवर दोन कुलपं लावलेली होती. पहिलं कुलूप १८९३ चं. लीगच्या नियमानुसार हंगाम संपल्यावर क्लब खेळाडूची नोंदणी स्वतःकडे ठेवू शकत असे, मग त्याला नवा करार देवो वा न देवो. क्लबच्या संमतीशिवाय लीगमधला दुसरा कुठलाही संघ त्याला घेऊ शकत नव्हता. विणकराला शेजारच्या गिरणीत दोन पैसे जास्त मिळाले तर तो शनिवारी हिशेब करून सोमवारी तिकडे जाऊ शकत होता. फुटबॉलपटूला ही मोकळीक नव्हती. दुसरं कुलूप १९०१ चं: आठवड्याला जास्तीत जास्त चार पौंड, वर बक्षिसी नाही. त्याच वर्षी एफए कपचा अंतिम सामना पाहायला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर एक लाख दहा हजारांहून जास्त माणसं लोटली होती. लाख माणसं तिकीट काढून ज्यांना पाहायला आली त्या बावीसजणांच्या मजुरीला मर्यादा घालण्यात आली, तिकिटाच्या उत्पन्नाला नाही.

हा सगळा पैसा मालकांच्या खिशात गेला, असं मात्र मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. फुटबॉल असोसिएशनने क्लबांच्या लाभांशावरही पाच टक्क्यांची मर्यादा घातली होती, आणि संचालकांना मोबदला घ्यायला बंदी होती. त्यातले बरेच स्थानिक दुकानदार, कारखानदार, दारूचे व्यापारी होते आणि गावाच्या संघावर त्यांचा खरा जीव होता. पैसा गेला विटा-लोखंडात. १८९२ मध्ये एव्हर्टनने गुडिसन पार्क बांधलं, १८९७ मध्ये अ‍ॅस्टन व्हिला आपल्या नव्या मैदानावर गेला, प्रेक्षकांचे सज्जे चढत गेले. दुष्ट माणसं नसतानाही अन्याय कसा घडतो ते इथे दिसतं. प्रत्येक हंगामात छपराची दुरुस्ती ठरावात यायची, कारण छप्पर उद्याही क्लबचंच असणार होतं. खेळाडू उद्या क्लबचा असणार नव्हता.

आणि ज्यांनी नियम करून माणसाची उमेदीतली कमाई अडवली, त्यांनी त्याच नियमाने त्याच्या उतारवयाची जबाबदारी स्वतःकडे घेतली, असं मी मानतो. बाजारात जे मिळालं असतं ते मिळू दिलं नाही, तर उरलेलं कुठेतरी साठवून ठेवायला हवं होतं. 'त्याने साठवलं का नाही' हा प्रश्न मर्यादा घालणाऱ्यांच्या तोंडी शोभत नाही.

मग खेळाडू करायचे काय? बहुतेकांसमोर एकच दार उघडं असायचं, पबचं. दारू गाळणाऱ्या कंपन्यांच्या मालकीचे पब गावोगाव होते आणि काउंटरमागे नावाजलेला खेळाडू उभा केला की गिऱ्हाईक आपोआप यायचं. शनिवारी त्याने अडवलेल्या गोलची गोष्ट त्याच्याच तोंडून ऐकायला लोक गर्दी करत, त्याला आग्रहाने पाजत. व्हार्टननेही रॉदरहॅममध्ये पब चालवला होता. पबचालक होणं ही खेळाडूची बढती समजली जायची, अजूनही जुन्या खेळाडूंची चरित्रं सांगताना 'पुढे त्याने पब घेतला' हे वाक्य सुखाच्या शेवटासारखं येतं. पण पब बहुधा त्याच्या मालकीचा नसायचा. विकलं जायचं ते त्याचं नाव आणि गावाच्या आठवणीत ते ताजं होतं तोवरच त्याला भाव. शिवाय मैदानाची शिस्त सुटलेल्या, रोजची धाव थांबलेल्या माणसाला दिवसभर दारूशेजारी बसवणं ही कसली सोय?

विल्यम फोक हे याचं उदाहरण. शेफील्ड युनायटेडचा गोलरक्षक, सहा फुटांहून उंच आणि शेवटी शेवटी दीडशे किलोंच्या आसपास वजनाचा. पोरसवदा वयात कोळशाच्या खाणीत होता, तिथून १८९४ मध्ये शेफील्डला आला. व्हार्टनला शेफील्डच्या पहिल्या संघात जागा मिळाली नाही ती यानेच अडवली होती म्हणून. १८९८ मध्ये लीग जिंकली, १८९९ आणि १९०२ मध्ये कप. इंग्लंडकडून एकदा खेळला, डर्बीशरकडून काही क्रिकेट सामनेही. क्रिस्टल पॅलेसवर ती लाख माणसं जमली तेव्हा एका गोलपोस्टमध्ये हाच उभा होता. १९०५ मध्ये नव्याने निघालेल्या चेल्सीने त्याला कर्णधार केलं. दोन-तीन वर्षांत सगळं संपलं आणि तो शेफील्डला परतून पब चालवू लागला. १९१६ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी वारला. मृत्यूच्या दाखल्यात यकृताचा आजार नोंदलेला आहे.

पण फोकच्या मरणाची वेगळीच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. तो म्हणे ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर एका पेनीला एक या दराने लोकांच्या पेनल्टी अडवत उभा राहायचा, तिथेच थंडी लागून न्यूमोनियाने गेला. संशोधकांनी कागदपत्रं काढून ही गोष्ट खोटी ठरवली. तरी ती मरत नाही. का मरत नाही याचा मी बराच विचार केला. वाळूत उभा असलेला तो अवाढव्य माणूस बघून डोळ्यांत पाणी येतं, आणि पाणी आलं की आपण आपलं काम केलं असं वाटतं. पबच्या काउंटरमागे रोज थोडं थोडं खचत जाणं चित्रात मांडता येत नाही. त्यात दारूची कंपनी येते, क्लबचा करार येतो, चार पौंडांची मर्यादा येते. खरी गोष्ट ऐकली की प्रश्न विचारावे लागतात.

क्लबांनी खेळाडूंसाठी काहीच केलं नाही का? केलं. 'बेनिफिट'चा सामना होता. पाच वर्षं एका क्लबशी निष्ठेने राहिलेल्या खेळाडूसाठी एक सामना ठेवायचा, त्याचं उत्पन्न त्याला द्यायचं. आपल्याकडे सत्काराच्या शेवटी थैली अर्पण करतात, जवळपास तशीच ही पद्धत. ज्याला ती मिळाली त्याचं भलं झालं, कुणी तंबाखूचं दुकान टाकलं, कुणी घर घेतलं. पण थैलीचा स्वभाव लक्षात घ्या. ती द्यायची की नाही हे देणारा ठरवतो. त्या दिवशी पाऊस पडला तर थैली रिकामी. पाच वर्षं पुरी व्हायच्या आत गुडघा गेला तर थैली नाही. व्हार्टनसारखा दर दोन-चार वर्षांनी संघ बदलावा लागलेला माणूस तर या हिशेबात बसतच नाही. दुसऱ्या क्लबकडे तुझ्या मर्जीने जाता येणार नाही असा नियम करायचा आणि त्याच वेळी निष्ठेला बक्षीस ठेवायचं, हे दोन्ही एकत्र पाहिलं की थैलीचं खरं काम कळतं. ती खेळाडूला गप्प ठेवायची.

पुढे १९४१ मध्ये हा विषय न्यायालयात गेला, तो प्राप्तिकराच्या निमित्ताने. फुटबॉलपटूंना मिळालेली बेनिफिटची रक्कम म्हणजे नोकरीतलीच कमाई, त्यावर कर लागतो, असा निकाल लागला. माझ्या मते निकाल बरोबर होता. पण मग ती कमाईच होती, तर सरकारला कर वसूल करताना ती हक्काची आणि खेळाडूने मागताना ती मर्जीची, असं कसं चालेल? याचं उत्तर क्लबांनी कधी दिलं नाही.

दुखापतीचा हिशेब तर याहून कठोर होता. ऑगस्ट १९०२ मध्ये मँचेस्टर सिटीचा कर्णधार डाय जोन्स सरावाच्या सामन्यात पडला, गुडघ्याला जखम झाली, ती चिघळली आणि काही दिवसांतच तो गेला. एप्रिल १९०७ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा टॉमस ब्लॅकस्टॉक राखीव संघाच्या सामन्यात डोक्याने चेंडू मारल्यावर कोसळला आणि तिथेच मेला. मृत्यू नैसर्गिक ठरवण्यात आला, घरच्यांना भरपाई मिळाली नाही. त्याच डिसेंबरमध्ये मँचेस्टरच्या इम्पीरियल हॉटेलात खेळाडूंची संघटना उभी राहिली, त्यात पुढाकार होता वेल्सच्या बिली मेरेडिथचा. तोही बालपणी खाणीत राबलेला. त्याआधी १८९८ मध्ये एक संघटना निघाली होती, ती तीन वर्षांत विरली. फुटबॉलपटू हा कामगार भरपाई कायद्याखाली 'कामगार' आहे की नाही, हे ठरायला १९१० उजाडावं लागलं. क्रिस्टल पॅलेस क्लबविरुद्ध वॉकर नावाच्या खेळाडूच्या दाव्यात अपील न्यायालयाने सांगितलं, आहे. म्हणजे पगारी खेळाला मान्यता मिळाल्यापासून पंचवीस वर्षं हा माणूस पगार घेत होता, मालकाच्या हुकमात होता, मालक सोडून जाऊ शकत नव्हता, पण तो कामगार आहे हे कायद्याला ठामपणे माहीत नव्हतं. खेळणं हे कामच नव्हे, तो छंद, अशी उच्चभ्रू हौशी खेळाडूंची समजूत कायद्याच्या डोक्यातही बसलेली होती.

आपल्या भाषेला हे पहिल्यापासून माहीत आहे. शेतावर राबतो तो गडी आणि कबड्डीच्या, खो-खोच्या मैदानात उतरतो तोही गडी. एकच शब्द. त्यात तुच्छता नाही, अंगमेहनतीची साधी ओळख आहे. व्हार्टन गोलमध्ये उभा होता तेव्हाही गडीच होता, खाणीत कोळसा ओढत होता तेव्हाही. खाणीने त्याला गडी म्हणून वागवलं, तिथे त्याच्या कष्टांना निदान कामाचं नाव होतं.

अजून एका गोष्टीने मला चुटपुट लागते. या माणसांच्या अंगात जी विद्या होती तिचं काय झालं? इंग्लिश क्लबांत संघ निवडायची संचालकांची समिती, आणि प्रशिक्षक म्हणजे मालिश करणारा आणि मैदानाभोवती धावायला लावणारा. निवृत्त खेळाडूने शिकवावं असं काही आहे, हेच मान्य नव्हतं. म्हणून ते समुद्रापार गेले. डर्बी काउंटीचा स्टीव्ह ब्लूमर, इंग्लंडसाठी तेवीस सामन्यांत अठ्ठावीस गोल करणारा, १९१४ च्या जुलैमध्ये बर्लिनला एका क्लबचा प्रशिक्षक म्हणून गेला. काही आठवड्यांत महायुद्ध पेटलं आणि तो रूलेबेनच्या छावणीत शत्रुदेशाचा नागरिक म्हणून बंदिस्त झाला. सुटल्यावर स्पेनमध्ये गेला, तिथे इरुनच्या संघाला १९२४ चा राष्ट्रीय कप जिंकून दिला. सेल्टिकच्या जॉन मॅडनने १९०५ पासून पंचवीस वर्षं प्रागच्या स्लाव्हिया संघाला शिकवलं. तो तिथेच मेला, तिथेच त्याला पुरलं. शेफील्ड वेन्सडेचा फ्रेड स्पाइक्सली, १८९६ च्या कप अंतिम सामन्यात आपल्या संघाचे दोन्ही गोल करणारा, जुगारात बुडाला, दिवाळखोर झाला, आणि त्याच माणसाने १९२७ मध्ये न्यूरेंबर्गच्या संघाला जर्मनीचं विजेतेपद मिळवून दिलं. प्राग आणि न्यूरेंबर्गने ज्यांना गुरू मानलं त्यांना त्यांच्या गावात फार तर काउंटरमागची जागा होती. इथे नुकसान एकट्या खेळाडूचं झालं नाही, इंग्लिश खेळाचंही झालं.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. व्हार्टनचा शेवटचा सामना आणि त्याचं मरण यांत अठ्ठावीस वर्षं आहेत. तो अर्ध्या डझनाहून अधिक क्लबांकडून खेळला, त्यातला अ‍ॅश्टनचा क्लब तर बुडाला. कुणी द्यायचं? वीस वर्षांपूर्वी एक हंगाम खेळून गेलेल्या माणसाचा खर्च स्टॉकपोर्टने उचलायचा का? एका क्लबाकडे पाहिलं तर हा आक्षेप बिनतोड आहे. म्हणूनच जबाबदारी एका क्लबाची नाही, सगळ्या खेळाची. सगळ्या देशातल्या सगळ्या क्लबांनी मिळून एका ठरावाने चार पौंडांची मर्यादा घातली तेव्हा कुणी म्हणालं नाही की एवढ्या क्लबांना एकत्र आणणं अवघड आहे. प्रत्येक खेळाडूची नोंदणी मध्यवर्ती वहीत ठेवली तेव्हाही नाही. जी यंत्रणा मजुरी अडवायला पुरेशी होती, ती दर तिकिटामागे एक छोटा वाटा बाजूला काढायलाही पुरेशी होती. क्लब बुडाला तरी वही उरली असती.

विणकराला पेन्शन नव्हतं मग यांना का, याचंही उत्तर यातच आहे. विणकरालाही मिळायलाच हवं होतं. पण विणकर पन्नाशीतही विणकर राहू शकत होता. फुटबॉलपटूचं कसब पस्तिशीत संपतं, आणि ते संपणार हे करारावर सही घेताना दोन्ही बाजूंना माहीत असतं. निवृत्तिवेतन या शब्दात वेतन आहे. काम थांबल्यावर मिळणारं, पण काम करत असतानाच कमावलेलं. ज्या धंद्यात काम इतक्या लवकर थांबतं तिथे या वेतनाची गरज इतरांहून जास्त असते, कमी नाही.

बिली मेरेडिथ हा सगळा लढा लढून, जवळपास पन्नाशीपर्यंत खेळून, पुढे पब चालवून १९५८ मध्ये मँचेस्टरला वारला. त्याचंही थडगं २००१ पर्यंत निनावी होतं. मग खेळाडू संघटना, वेल्सची फुटबॉल असोसिएशन आणि मँचेस्टरचे दोन्ही क्लब यांनी मिळून दगड बसवला. सगळे एकत्र येऊ शकले, वर्गणी काढू शकले. दगडासाठी.

हे जुनं झालं असं म्हणायची सोय नाही. २००२ मध्ये इंग्लंडचा माजी खेळाडू जेफ अ‍ॅसल वारला तेव्हा मृत्युचौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने कारण नोंदलं: व्यवसायजन्य आजार, वर्षानुवर्षं डोक्याने चेंडू मारल्याचा परिणाम. ब्लॅकस्टॉकच्या वेळी जे नैसर्गिक ठरलं होतं, ते पंचाण्णव वर्षांनी कामातून आलेलं ठरलं. २०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी साडेसात हजारांहून जास्त माजी स्कॉटिश व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण इतरांपेक्षा त्यांच्यात साडेतीन पट निघालं. १९६१ मध्ये वेतनाची मर्यादा उठल्यानंतर आजच्या तारकांना काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण साठ-सत्तरच्या दशकात खेळलेली, आज स्वतःच्या मुलांची नावं विसरत चाललेली माणसं त्या पैशांच्या आधीची आहेत. त्यांच्यासाठी प्रीमियर लीग आणि खेळाडू संघटनेने २०२३ मध्ये निधी उभारला, सुरुवातीला दहा लाख पौंडांचा. ही लीग टीव्हीच्या हक्कांवर अब्जावधी पौंड कमावते.

या निधीसाठी कुटुंबांना अर्ज करावा लागतो. आजारी नवऱ्याची परिस्थिती बायकोने कागदावर मांडायची आणि समितीने ती वाचून ठरवायचं. बेनिफिटचा सामना याच रीतीने ठरत असे. त्याऐवजी दर वर्षीच्या प्रक्षेपणाच्या उत्पन्नातून ठरावीक टक्के रक्कम सुरुवातीलाच वेगळी निघावी. ज्याच्या नावावर लीगच्या वहीत एक जरी सामना असेल त्याला ती वयाच्या ठरावीक वर्षापासून न मागता मिळावी. आजारी पडल्यावर उपचार त्यातूनच व्हावेत, आणि तो कुठल्या क्लबकडून, किती वर्षं, किती निष्ठेने खेळला हे कुणी विचारू नये.